पहिला फ्लॅट भाड्याने देताय? आधी थंब, मग चावी

चौदा वर्षं झाली, पुण्यात माझे दोन फ्लॅट भाड्याने आहेत. सोसायटीच्या कमिटीवरही बरीच वर्षं काढली, त्यामुळे नवा घरमालक अडकला की माझ्याकडे येतो. हातात पाचशेचा स्टॅम्प पेपर, त्यावर नोटरीचा शिक्का आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "काका, अकरा महिन्यांचाच करार होता. त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही म्हणाले."

लागतं. महाराष्ट्रात लागतंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 सांगतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांना सूट नाही. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण घरमालकाला खरा मार बसतो तो त्याच कलमातल्या दुसऱ्या वाक्याने: करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य, खोटं असेल तर ते तुम्ही सिद्ध करा.

याचा अर्थ काय होतो ते माझ्या मावसभावाने भोगलंय. वाकडला त्याचा वन बीएचके. भाडं 16,000, डिपॉझिट 50,000. भाडेकरू ओळखीतून आलेला, म्हणून नोटरीवर काम भागवलं. डिपॉझिट रोख, भाडंही बहुतेक रोख, पावती कशाचीच नाही. सातव्या महिन्यात भाडं थांबलं. विचारायला गेला तर समोरून उत्तर आलं, "मी दीड लाख डिपॉझिट दिलंय, त्यातून वळते करा." वकिलांनी कलम 55 वाचून दाखवलं तेव्हा भाऊ खुर्चीतच खचला. 50,000 च घेतले होते, हे दाखवायला त्याच्याकडे एक ओळ नव्हती.

मग रागाच्या भरात त्याने पाण्याचा वॉल्व्ह बंद केला. ही आणखी मोठी चूक. भाडं कितीही थकलेलं असो, घरमालकाने पाणी-वीज तोडायची नाही. भाडेकरू थेट पोलीस चौकीत गेला आणि त्या दिवसापासून गुन्हेगार ठरला तो माझा भाऊ. शेवटी पाच महिन्यांचं भाडं, म्हणजे 80,000 रुपये, सोडून द्यावे लागले. वर वरखर्चाला 40,000 रोख मोजले, तेव्हा कुठे घर रिकामं झालं. नोंदणीला त्याला किती लागले असते? अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेचारशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी 1,000. एजंटचे वेगळे.

करार नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली घर रिकामं करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं आणि न सोडलेल्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. ही ताकद हजार-दीड हजारात मिळते. ती सोडून "एवढ्यासाठी कशाला" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

माझा नियम एकच आहे: सगळ्यांचे थंब, म्हणजे नोंदणीसाठी मशीनवर द्यायचे बोटांचे ठसे, झाल्याशिवाय चावी हातातून सुटत नाही. एक फ्लॅट आईच्या नावावर आहे. गेल्या खेपेला मशीन तिचा अंगठा घेईना, वयाने रेषा झिजल्यात. कोमट पाण्याने हात धुतले, पुसले, दुसरं बोट लावून पाहिलं. खाली भाडेकरूच्या सामानाचा टेम्पो उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, एजंट म्हणतोय, "काका, सामान तरी चढवू द्या." नाही चढवू दिलं. चाळीस मिनिटांनी मधल्या बोटाचा ठसा लागला, मग चावी दिली. भाडेकरू मुलगा समजूतदार होता, त्यालाही चहा पाजला.

दुसरी चूक घर घेण्याआधीच होते. "हप्ता भाड्यातून निघेल" हे वाक्य बिल्डरच्या ऑफिसात ऐकून लोक सही करतात. 70 लाखांचा फ्लॅट, 56 लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता साधारण 48,600. त्या फ्लॅटला भाडं 20-22 हजार मिळतं. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, रंगकाम आणि वर्षाकाठी एखादा रिकामा महिना वजा करा. उरलेला खड्डा दर महिन्याला पगारातून भरायचा आहे, हे आधी बायकोशी बसून कागदावर मांडा. भाव वाढेल या भरवशावर ज्याला दोन वर्षंही थांबायची तयारी नाही, त्याने फ्लॅटच्या वाटेला जाऊ नये.

घर ताब्यात देताना मी मोबाइलवर व्हिडिओ काढतो. प्रत्येक नळ उघडून, गीझर लावून, ओट्याखालचं कपाट उघडून, शेवटी वीज मीटरचं रीडिंग. तो लगेच भाडेकरूला व्हॉट्सअ‍ॅप करतो आणि "बरोबर आहे" असं उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नाही. डिपॉझिट परत करतानाची भांडणं त्यामुळे जवळपास संपली.

बाकीचं थोडक्यात. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा, ऑनलाइन होतं. भाडं बँकेतूनच घ्या. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे पैसे, लावेल, पण सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर नाही. जास्त मागितलं तर लेखी विचारा. पुण्यात स्वतः राहत असल्याची घरपट्टीतली 40 टक्के सवलत भाड्याच्या घराला चालत नाही, घर भाड्याने दिल्याचं लपवून ती घेत राहू नका. भाड्याचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवा. घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर 30 टक्के वजावट मिळते, मग लपवायचं कशाला? महावितरणचं बिल भाडेकरू सोडून जाताना त्याच्यासमोर मोबाइलवर उघडून पाहा.

आणि कराराची शेवटची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका. मी दोन महिने आधी फोन करतो: राहणार का, भाडं किती वाढवायचं, थंबला कधी बसायचं. मुदत संपल्यावर "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत राहिलेले तीन घरमालक मला याच वर्षी भेटले. तिघांकडेही आज चालू करार नाही आणि भाडेकरू घरात आहे.