अ‍ॅपमध्ये काय ठेवायचं, काय काढायचं: दूध केंद्रावर शिकलेली पद्धत

आमच्या वाळवा तालुक्यात सकाळी डेअरीला दूध घालायची घाई असते. एका हातात किटली, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मागं रांग. दूध उत्पादकांसाठी मी अ‍ॅप केलं, तेव्हा पहिल्या आवृत्तीत हवामान, बाजारभाव, जनावरांच्या औषधांची माहिती, गप्पांचा कट्टा असं सगळं भरलं होतं. लोक अ‍ॅप घ्यायचे आणि आठवड्यात काढून टाकायचे. पुढं ते कसं सुधारलं, ते सांगते.

आधी अ‍ॅप जिथं उघडलं जाणार आहे, तिथं जाऊन उभे राहा. मी पंधरा दिवस संकलन केंद्रावर थांबले. माणसं विचारायची ती एवढंच : ‘आज फॅट किती लागली?’, ‘एसएनएफ का कमी आली?’ आणि दहा दिवसांनी, ‘बिल किती निघालं?’ फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता आणि एसएनएफ म्हणजे ती सोडून दुधात उरणारे घन घटक, दोन्ही टक्क्यांत मोजतात. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला धरतात, गाईच्या दुधाचा ३.५ आणि ८.५ ला. त्याखाली गेलं की लिटरमागं पैसे कापले जातात, म्हणून ५.८ दिसलं की बाईच्या काळजात धस्स होतं. तो आकडा पहिल्याच पडद्यावर, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा हवा.

मग वही घ्या. प्रत्येक सुविधेसमोर लिहा : हा प्रश्न कोण विचारतं आणि दिवसातून कधी? जिथं काहीच लिहिता येत नाही, ती सुविधा काढा. इन्स्टाग्राम असंच घडलं. केव्हिन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांच्या ‘बर्बन’ या अ‍ॅपमध्ये ठिकाण कळवणं, बेत आखणं असं बरंच होतं. त्यांनी फोटो, प्रतिक्रिया आणि लाइक एवढंच ठेवलं आणि ऑक्टोबर २०१० मध्ये नव्या नावानं अ‍ॅप आणलं.

काढण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे अडचण ओळखणं. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे रेल्वेगाड्यांचं अ‍ॅप लोकांना भावलं, कारण इंटरनेट आणि जीपीएस नसतानाही ते मोबाइल टॉवरवरून गाडी कुठं आहे ते सांगतं. २०१८ मध्ये गुगलनं ती कंपनीच घेतली. आमच्या केंद्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये रेंज येत नाही. म्हणून मागच्या दहा दिवसांच्या नोंदी फोनमध्येच साठवल्या. रेंज आली की नव्या नोंदी आपोआप उतरतात. सगळ्यात जास्त फरक या एका बदलानं पडला, आणि तो कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही.

लॉगिनकडं नीट बघा. घरात फोन एक आणि सभासद तीन : सासू, सून, धाकटा दीर. आजींच्या नावावर नोंदवलेला नंबर पुण्याला असलेल्या मुलाचा, म्हणजे ओटीपी त्याच्याकडं जाणार. एका फोनवर अनेक खाती चालू दिली आणि ओटीपी फक्त पहिल्यांदा ठेवला.

अँड्रॉइड १३ पासून सूचना पाठवायला परवानगी मागावी लागते. ती अ‍ॅप उघडल्या उघडल्या मागू नका. पहिलं बिल बघून झालं की विचारा, ‘पुढचं बिल निघालं की कळवू का?’

यश डाउनलोडवर मोजू नका. या महिन्यात आलेल्यांपैकी किती जण पुढच्या बिलालाही अ‍ॅप उघडतात, ते बघा. नवी आवृत्ती प्ले कन्सोलमधून, म्हणजे गुगल प्लेवर अ‍ॅप चढवायच्या साइटवरून, आधी थोड्या टक्के लोकांनाच द्या आणि एक पूर्ण बिल होईपर्यंत थांबा. हिशेबातली चूक तेव्हाच बाहेर पडते.

शंका असलेली सुविधा मात्र एकदम पुसू नका, आधी लपवा आणि फोनची वाट बघा. हवामान लपवलं, कुणाचाही फोन आला नाही. बिलाचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं बटण मी आतल्या पानात सरकवलं, तर दिवसभर फोन. घरोघरच्या बायका ते चित्र पुण्या-मुंबईच्या मुलांना पाठवत होत्या, हे मला तोवर माहीतच नव्हतं. ते बटण आता पहिल्या पडद्यावर, फॅटच्या आकड्याखालीच आहे.