शेल्फवर एक भाव, बिलात दुसरा : अशा वेळी काय करायचं?

“सिस्टीममध्ये हाच रेट दाखवतोय.” काउंटरवर हे वाक्य कानावर पडलं की आपण बहुतेक गप्प बसतो. मागे रांग असते, पिशवी भरून झालेली असते आणि फरक किरकोळ असतो. मीही कितीदा तरी गप्प बसलो आहे. पण सिस्टीम म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. तो आकडा कुणीतरी कीबोर्डवर बडवलेला असतो. शेल्फवरची पट्टीही त्याच दुकानाने लावलेली असते. दोन्ही आकडे दुकानाचेच, मग त्यातला गिऱ्हाइकाला महाग पडणारा तेवढा खरा, हे कुणी ठरवलं?

घोळ होतो कुठे, ते आधी समजून घ्या. पुढचं बोलणं त्यामुळे सोपं जातं. पाकिटावरच्या बारकोडमध्ये किंमत नसतेच. २६ जून १९७४ ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटात च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा असं स्कॅन झालं. तेव्हापासून आजपर्यंत बारकोड सांगतो तो फक्त वस्तूचा नंबर. किंमत दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये असते. म्हणजे भाव बदलायचा तर कामं दोन : कॉम्प्युटरमधला आकडा बदलायचा आणि शेल्फवरची पट्टी बदलायची. पहिलं काम एका बटणावर हजारो वस्तूंचं होतं, दुसरं कुणीतरी हातात पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन रॅकमागून रॅक फिरून करतो. त्याची एक पट्टी राहिली की तुमच्या बिलात फरक आलाच. ऑफर संपली पण तिचा बोर्ड लटकतच राहिला, किंवा बोर्ड लागला पण ऑफर कॉम्प्युटरला कळलीच नाही, हेही त्यातलेच प्रकार. म्हणून ऑफर सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या दिवशी बिल जरा जास्त बारकाईने पाहावं.

सुट्या, तोलून घ्यायच्या मालाचं गणित वेगळं. तिथे वजनकाट्यावर छापलेल्या चिकटपट्टीच्या बारकोडमध्येच वजन किंवा रक्कम भरलेली असते. त्यामुळे चूक काट्यावरच होते : कोड भलत्याच मालाचा दाबला जातो, नाहीतर डब्याचं वजन वजा करायचं राहतं. पिशवी ट्रॉलीत टाकण्याआधी चिकटपट्टीवरचं नाव आणि वजन वाचून घ्या, एवढं पुरे.

पहिली पायरी : पट्टी पूर्ण वाचा

मोठा आकडा सगळेच वाचतात, भानगड बारीक अक्षरांत असते. समजा, पट्टीवर ठळक १८० लिहिलंय. त्याखाली वस्तूचं नाव आणि वजन असतं. तुमच्या हातातलं पाकीट त्याच वजनाचं आहे ना? ‘फक्त सभासदांसाठी’ असं कोपऱ्यात लिहिलंय का? ऑफर कोणत्या तारखेपर्यंत आहे? ‘दोन घेतल्यास’ अशी अट आहे का, आणि ते दोन नग एकाच प्रकारचे हवेत का? शिवाय किलोमागे किंवा लिटरमागे पडणारा दर वेगळा छापलेला असतो, त्यालाच वस्तूची किंमत समजून फसलेले मी पाहिले आहेत. पट्टीवर बारकोडचे आकडे असतील तर शेवटचे चार पाकिटावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. जुळले तर वाद उरतच नाही.

प्रत्येक वस्तूचा फोटो काढत बसू नका. महागडी वस्तू आणि ऑफरची वस्तू, एवढ्यांचाच काढा.

दुसरी पायरी : नजर स्क्रीनवर

सामान पिशवीत भरण्याच्या नादात आपण स्क्रीनकडे पाहतच नाही. जमल्यास एकाने भरावं, एकाने पाहावं. मात्र एखादी वस्तू पूर्ण किमतीला लागली म्हणून लगेच हाकाटी करू नका. बऱ्याच ठिकाणी ऑफरची सूट सगळ्या वस्तू स्कॅन झाल्यावर, बिलाच्या तळाशी वजा होते. बेरीज येऊ द्या. तरीही फरक दिसला तर पैसे देण्याआधीच बोला. त्या क्षणी तुमची बाजू सगळ्यात भक्कम असते, कारण ‘मग ही वस्तू राहू द्या’ म्हणायची मुभा तुमच्याकडे असते.

तिसरी पायरी : दाराबाहेर पडण्याआधी बिल

ऑफरच्या ओळी, एकापेक्षा जास्त नग आणि तोललेला माल, एवढ्या तीनच जागा पाहा. एकच नग दोनदा स्कॅन होणं तर नेहमीचंच. घरी जाऊन बिल वाचणाऱ्यांपैकी फारच थोडे परत येतात, आणि आले तरी तोवर पट्टी बदललेली असू शकते.

चौथी पायरी : आधी शेल्फ, मग तक्रार

हीच पायरी लोक गाळतात, आणि सगळं अडतं ते इथेच. फरक दिसला की आपण तडक काउंटरवर जाऊन वाद घालतो. मग कुणीतरी “थांबा, बघून येतो” म्हणून आत जातं आणि येऊन सांगतं, “तिथे तर बरोबरच पट्टी आहे.” दर वेळी यात लबाडी असते असं नाही. चूक दिसली की पट्टी काढायची, ही त्याची नोकरीच आहे. पण तुमचा पुरावा गेला तो गेलाच.

म्हणून न बोलता आधी रॅकपाशी जा. वस्तू पट्टीसमोर धरा आणि दोन्ही एकाच फोटोत येतील असा फोटो काढा; एक जवळून, एक थोडा लांबून, आजूबाजूची रांग दिसेल असा. कधी कधी तिथे गेल्यावर कळतं की चूक आपलीच होती. कुणीतरी नको झालेलं पाकीट भलत्याच पट्टीवर ठेवून गेलेलं असतं आणि आपण तेच उचललेलं असतं. हे चारचौघांत कळण्यापेक्षा एकट्याला कळलेलं बरं!

पाचवी पायरी : कुणाशी आणि काय बोलायचं

कॅशियरशी हुज्जत घालू नका. भाव त्याने ठरवलेला नसतो आणि बहुतेक ठिकाणी त्याला तो स्वतःहून बदलताही येत नाही. सुपरवायझरला किंवा ग्राहक सेवा काउंटरवर एवढंच म्हणा : “शेल्फवर १८० लिहिलंय, बिलात २१० लागलेत. हा फोटो, हे बिल. फरक परत करा.” दोन नग घेतले असतील तर फरकही दुप्पट, हे आठवणीने सांगा. भाव पाहूनच घेतलेली वस्तू आता नको असेल तर ती परत करून पूर्ण पैसे मागा. कूपन देऊ केलं तर नाही म्हणायला लाजू नका. कार्डाने पैसे दिले असतील तर रक्कम परत पाठवल्याची पावती हातात घेऊनच निघा. आणि पट्टी आत्ताच बदला, हेही सांगा.

हक्क किती, हे देशावर ठरतं

सगळीकडे कायदा सारखा नाही. ब्रिटनमध्ये बूट्स या औषधविक्रीच्या दुकानांच्या साखळीवरच्या १९५३ च्या खटल्यापासून न्यायालयांची भूमिका अशी की शेल्फवरचा भाव हा दुकानाचा पक्का शब्द नव्हे, करार होतो तो काउंटरवर. म्हणजे पैसे देण्याआधी चूक लक्षात आली तर दुकान त्या भावाला विकायला नकार देऊ शकतं. मात्र दिशाभूल करणारा भाव लावणं तिथेही बेकायदाच आहे. ऑस्ट्रेलियात एका वस्तूवर दोन भाव दिसत असतील तर कमी भावाने विका किंवा चूक दुरुस्त होईपर्यंत वस्तू विक्रीतून काढा, असा कायदा आहे. शिवाय मोठ्या सुपरमार्केटांनी स्वतःहून मान्य केलेल्या संहितेनुसार जास्त आकारलेला पहिला नग फुकट मिळतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात तर फरक आणि वर फरकाच्या दहापट रक्कम मिळते, किमान १ आणि कमाल ५ डॉलर. त्यासाठी ३० दिवसांत दुकानाला कळवावं लागतं आणि दुकानाला द्यायला २ दिवस असतात.

भारतात एक पळवाट नेहमी ऐकू येते : “एमआरपीपेक्षा जास्त कुठे घेतलंय?” एमआरपी ही कमाल मर्यादा झाली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(६) प्रमाणे वस्तूवर किंवा दुकानाने लावलेल्या दरपत्रकावर दाखवलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं, हेही तक्रारीचं कारण आहे. त्यामुळे शेल्फवर एमआरपीपेक्षा कमी भाव लिहून बिल एमआरपीने लावलं, तरी तुम्ही दाद मागू शकता.

सहावी पायरी : दुकानाने हात वर केले तर

आधी कंपनीला लेखी कळवा : तारीख, वेळ, बिल नंबर, दोन्ही आकडे आणि काय हवंय ते, एवढंच. रागाचा पाल्हाळ लावू नका. उत्तर आलं नाही तर त्या देशाच्या ग्राहक यंत्रणेकडे जा. भारतात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून २ वर्षांत तक्रार करता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. किरकोळ फरकासाठी कुणी आयोगापर्यंत जाणार नाही, हे दुकानालाही माहीत असतं. पण तोच फरक तुमच्यासारख्या शेकडो बिलांत लागलेला असतो, आणि हेल्पलाइनला फोन करायला काही खर्च येत नाही.

बिलाचा फोटो मात्र त्याच दिवशी काढून ठेवा. त्या गुळगुळीत कागदावरची छपाई उष्णतेने उमटवलेली असते. खिशात, गाडीत किंवा उन्हात राहिली की काही महिन्यांत कागद कोरा होतो.