नावापुढे बेन-भाई लावण्याआधी थांबा: नर्सिंगच्या मुलांनो, या चुका टाळा

बडोद्यात नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते त्याला बरीच वर्षं झाली, आणि दर बॅचची पहिली चूक ठरलेली. फाइलवर नाव वाचलं की बेन नाहीतर भाई चिकटवायचं. इथली सवयच तशी, मराठी घरातली पोरंसुद्धा वॉर्डात शिरली की तसंच बोलतात. पण कधी फाइलवर आधारवरचं जुनं, मुलीचं नाव असतं आणि समोर दाढी राखलेला ट्रान्स मुलगा बसलेला असतो, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेला, पण स्वतःला पुरुष मानणारा.

एकदा ओपीडीत असाच एक ट्रान्स मुलगा पोटदुखी घेऊन आला होता. माझ्या स्टुडंटने भरलेल्या हॉलमध्ये तीनदा "अमुकबेन" म्हणून हाक मारली, कोणी उठलं नाही, मग गैरहजर लिहून पुढचा नंबर घेतला. तो शेवटच्या बाकावरच होता. सगळ्यांसमोर त्या नावाला उठणं त्याला जमलं नाही, निघून गेला आणि तिसऱ्या रात्री अपेंडिक्स फुटल्यावर परत आला. वाचला, पण मला ते अजून टोचतं.

तेव्हापासून माझ्या मुली फक्त टोकन नंबर आणि आडनाव पुकारतात, मग जवळ जाऊन हळू विचारतात, "तुम्हाला काय नावाने हाक मारू?" मराठीत तर सोपंय, "कधी आलात, जेवलात का" यात बाई-पुरुष येतच नाही.

दुसरं, "मॅडम, आम्ही सगळ्यांना सारखंच बघतो." हे वाक्य मला अजिबात चालत नाही, हा न शिकण्याचा शॉर्टकट आहे. सारखंच बघाल तर ट्रान्स पुरुषाला एक्स-रेआधी प्रेग्नन्सीची शक्यता विचारायची राहते, ट्रान्स स्त्रीचं ऑपरेशन झालं तरी प्रोस्टेट सहसा तसाच असतो हे सुटतं, इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन चालू असताना एका पोटरीला सूज आली तर रक्ताच्या गुठळीची शंका येत नाही. कोणते अवयव आहेत, कोणती औषधं चालू आहेत ते विचारा आणि का विचारताय तेही सांगा. बोट कापून आलेल्याला मात्र "ऑपरेशन झालंय का" विचारू नका, तिथे त्याचा काही संबंध नाही.

गे पेशंट म्हणून डबल ग्लोव्ह्ज नकोत, स्टँडर्ड प्रिकॉशन्स, म्हणजे संसर्ग टाळायची नेहमीची काळजी, सगळ्यांना एकच. एचआयव्हीचं स्टेटस बेडजवळच्या बोर्डावर लिहू नका, ते गुप्त ठेवायचं हे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातच आहे.

आणि सोबत आलेल्या जोडीदाराला "मित्र आहात ना, मग बाहेर बसा" म्हणू नका. जवळचे नातेवाईक नसतील तर पार्टनरला मृतदेहसुद्धा ताब्यात घेता यावा असं आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यांना कळवलंय, मग जिवंत माणसाशेजारी बसायला आपण का अडवायचं? फॉर्मवर नात्याच्या रकान्यात ते सांगतील तोच शब्द लिहा.