अमेरिकेची दारूबंदी वर्गात कशी शिकवावी

मुंबईतल्या नववी-दहावीच्या वर्गासाठी एक तासिका पुरते. फळ्यावर दोनच तारखा लिहा: १७ जानेवारी १९२०, अठराव्या घटनादुरुस्तीचा अंमल, ५ डिसेंबर १९३३, एकविसाव्या दुरुस्तीने शेवट.

मुलं हमखास चुकतात ती जागा आधी पक्की करा. बंदी पिण्यावर नव्हती. उत्पादन, विक्री आणि वाहतुकीवर होती. ही दुरुस्ती अमलात आणणाऱ्या व्होल्स्टेड कायद्याने ०.५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय मादक ठरवलं, पण आधी घरात भरून ठेवलेला साठा, डॉक्टरच्या चिठ्ठीवरची व्हिस्की आणि धर्मविधीची वाइन चालत होती. पळवाटा इथूनच फुटल्या.

कारणं सांगताना नुसत्या नीतिमत्तेवर थांबू नका, धडा तिथेच लंगडा पडतो. कराचा धागा धरा. १९१३ मध्ये प्राप्तिकर आला आणि सरकारचं दारूच्या करावरचं अवलंबन सुटलं. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध उतरली, तेव्हा जर्मन वंशाचे बिअरवाले संशयित ठरले. १९२९ नंतरच्या मंदीत प्राप्तिकर आटला, तेव्हा सरकारला दारूचा कर पुन्हा हवासा झाला, तोच धागा उलटा फिरला.

औद्योगिक अल्कोहोल कोणी पिऊ नये म्हणून त्यात सरकारच्या नियमानुसार मिथेनॉल हे विष घातलं जाई. तस्कर तेच अल्कोहोल दारू म्हणून विकत, पण त्यांना हे विष पूर्ण काढता येत नसे. माणसं आंधळी झाली, मेली. हा भाग घाईत उरकू नका.

शेवटची दहा मिनिटं मुंबईला द्या. आपल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात परवान्याशिवाय पिणंही गुन्हा आहे, म्हणून बारच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं. दोन्ही कायद्यांतले फरक मुलांकडूनच वहीत लिहून घ्या.