एपी इंग्लिश: अलंकार ओळखला, पुढे काय?

अमेरिकेत मूल अकरावीच्या उंबरठ्यावर आलं की मराठी घरांत एकच विषय: एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्सेस) कुठले घ्यायचे? कॅल्क्युलसची धास्ती असते, फिजिक्सची असते. इंग्लिशची कुणाला नसते. ‘इथेच जन्मलीय, घरातसुद्धा इंग्लिशच फाडते, त्यात काय एवढं!’ मग सप्टेंबरअखेर पहिला निबंध परत येतो, त्यावर सी असतो आणि घरात सुतकी शांतता पसरते.

पहिली चूक इथेच झालेली असते. एपीचा वर्ग इंग्लिश शिकवत नाही. ते येतं असं धरूनच तो सुरू होतो.

आधी एपी इंग्लिशच्या दोन कोर्सेसमधला फरक बघून घ्या, कारण पालक त्यांची सर्रास गल्लत करतात. ‘लँग्वेज’ हा बहुतेक शाळांत अकरावीला असतो. त्यात भाषणं, पत्रं, लेख वाचायचे आणि लिहिणाऱ्याने वाचकाला आपल्या बाजूला कसं वळवलं ते दाखवायचं. ‘लिटरेचर’ सहसा बारावीला. त्यात कथा, कविता, नाटक. दोन्हींची परीक्षा मे महिन्यात कॉलेज बोर्ड ही संस्था घेते आणि 1 ते 5 असा स्कोअर देते. मी इथे लँग्वेजबद्दलच लिहितोय, कारण जास्त मुलं तिथेच अडखळताना पाहिली आहेत.

नाव सांगून थांबणं

ही आपल्या घरांतली खास चूक. आपण शाळेत ‘अलंकार ओळखा’ सोडवत आलो. ‘उत्प्रेक्षा’ लिहिलं की एक मार्क पदरात. अभ्यासाला बसवताना आपण नकळत तीच सवय मुलांना लावतो, आणि एपीत नुसत्या नावाला कवडीची किंमत नाही.

लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण घ्या. 19 नोव्हेंबर 1863, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांच्या दफनभूमीचं समर्पण. जेमतेम पावणेतीनशे शब्द. त्यात तो ‘आपण ही भूमी समर्पित करू शकत नाही, पवित्र करू शकत नाही, पावन करू शकत नाही’ असं लागोपाठ तीनदा म्हणतो. मुलं लिहितात, ‘लिंकनने पुनरुक्ती वापरून भाषण प्रभावी केलं.’ हे वाक्य कुठल्याही भाषणाला चिकटवता येतं, म्हणूनच त्याला गुण नाहीत.

आता असं बघा. लोक जमलेत तेच मुळी समर्पणाच्या समारंभासाठी, आणि खुद्द राष्ट्राध्यक्षच तीनदा सांगतो की हे आपल्या हातात नाही, इथे लढलेल्यांनी ते आधीच करून ठेवलंय. मग जिवंत माणसांनी करायचं काय? तर त्यांचं अर्धवट राहिलेलं काम. तीन नकारांनी तो श्रोत्यांचं लक्ष समारंभावरून उचलतो आणि न संपलेल्या युद्धाकडे नेतो. याला विवेचन म्हणतात. परीक्षेतला प्रत्येक निबंध 6 गुणांचा असतो, त्यातले 4 पुरावा आणि विवेचनाचे.

घरच्या घरी एक उपाय: मुलीने लिहिलेल्या प्रत्येक वाक्यानंतर ‘बरं, मग?’ असं विचारा. ती वैतागेल. विचारत राहा.

थीसिस म्हणून माहिती देणं

‘लिंकनने अनेक तंत्रं वापरली आहेत’ हा थीसिस, म्हणजे निबंधाचा मुख्य दावा, नव्हे. ज्यावर समोरचा ‘छे, मला नाही पटत’ म्हणू शकतो, तो थीसिस. याचा 1 गुण आहे. उरलेला 1 विचारांच्या खोलीसाठी असतो. त्याच्यामागे पहिल्या सहामाहीत धावू नका. बरीच मुलं तो मिळवायला जडजंबाल शब्द कोंबतात आणि विवेचनाचे गुणही घालवून बसतात.

सहा स्रोतांची मिसळ

सिंथेसिसच्या निबंधात एका विषयावरचे सहा स्रोत देतात आणि त्यातले किमान तीन वापरायचे असतात. बिघाड झाल्याची खूण सोपी आहे: तीन परिच्छेद, प्रत्येकाची सुरुवात ‘स्रोत अ म्हणतो’. म्हणजे लिहिणाऱ्याचं स्वतःचं म्हणणंच नाही, नुसते निरोप पोचवणं चाललंय. आधी स्वतःची बाजू एका ओळीत लिहा, मग तिच्या कामाला येईल तेवढाच स्रोत उचला. दोन स्रोत एकाच परिच्छेदात एकमेकांशी भांडले तर उत्तमच.

वेळ

तीन निबंधांना मिळून सव्वादोन तास, त्यात सुरुवातीची 15 मिनिटं वाचनाची धरलेली. म्हणजे निबंधाला 40 मिनिटं. घरी चार दिवस घासूनपुसून लिहिणारं मूल इथे गळपटतं. जानेवारीपासून आठवड्याला एक निबंध घड्याळ लावून लिहायला हवा. बहुपर्यायी 45 प्रश्नांना एक तास असतो आणि 45 टक्के वजन.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी राहिल्या. उन्हाळ्यात वाचायला दिलेलं पुस्तक भारतवारीच्या परतीच्या विमानात उघडू नका. आणि वर्गातल्या चर्चेत गप्प बसणं हे इथे शहाणपणाचं लक्षण धरत नाहीत, बऱ्याच ठिकाणी बोलण्याला ग्रेड असते. बुजऱ्या मुलाने घरूनच एक प्रश्न लिहून न्यावा आणि पहिल्या दहा मिनिटांत विचारून मोकळं व्हावं. उशीर केला की कुणीतरी तोच प्रश्न विचारतं.

सी आलाच तर शिक्षकांना ग्रेडबद्दल ईमेल करू नका, निदान पालकांनी तरी नको. मुलाला निबंध घेऊन स्वतः जाऊ द्या आणि एवढंच विचारू द्या: ‘यातलं कुठलं वाक्य विवेचन आहे आणि कुठलं नुसता सारांश?’