जुन्या गाडीचा एसी गार करत नाही? गॅस भरायच्या आधी एवढं बघा

उन्हाळा तापला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एसीवाल्यांकडे जुन्या गाड्या येऊन उभ्या राहतात आणि ठरलेलं निदान ऐकायला मिळतं: गॅस संपलाय. संपलाही असेल. पण आधी हीटरचा कॉक बघा. मागच्या उन्हाळ्यात माझा तोच बघायचा राहिला आणि गॅस भरूनही कोमट हवाच येत राहिली.

हा कॉक इंजिनातलं गरम पाणी हीटरकडे सोडतो. कोल्हापुरात हीटर लावतंय कोण? न हलवल्यामुळे कॉक अर्धवट उघडा राहून गंजतो, नाहीतर त्याची केबल सुटते, आणि डॅशबोर्डावरचा दांडा मात्र 'थंड'वरच दिसतो. कूलिंग कॉईलवर गार झालेली हवा पुढे तापलेल्या हीटरवरून येते, मग कितीही गॅस भरा. इंजिन चांगलं गरम होऊ द्या, दांडा थंडवर ठेवा, ब्लोअर थोडा वेळ चालवा, इंजिन बंद करा आणि कॉकच्या पुढच्या पाईपला जपून हात लावा. पाईप तापलेला असेल तर कॉक बंद होत नाहीये. याला एक रुपया लागत नाही. डॅशखाली वेगळं एसी युनिट लटकवलेलं असेल तरच हे सोडा, त्याची हवा हीटरवरून जात नाही.

फ्यूज, बेल्ट बघाच. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' करून पुढची प्लेट फिरली पाहिजे. फिरत नसेल तर कुणालाही प्रेशर स्विच (गॅस कमी असला की कॉम्प्रेसर बंद ठेवतो तो) शॉर्ट करू देऊ नका. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसताना तो कोरडा चालतो आणि जाम होतो. मग खर्च कुठल्या कुठे जातो.

हायवेला गार, दसरा चौकात सिग्नलला गरम, असं होत असेल तर कंडेन्सरवरून, म्हणजे गाडीच्या तोंडाशी गॅस थंड करणाऱ्या जाळीवरून, हवा जात नाहीये. फॅन चालतो का बघा, जाळीतली धूळ, किडे, पाचटाचा भुसा साध्या पाईपने धुवा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर नको, पत्र्या आडव्या होतात. गाडी चालू ठेवून कंडेन्सरवर पाणी मारल्यावर हवा गार झाली, तर दोष तिथेच आहे. आणि कॉक बघितला ना? नसेल तर इथूनच मागे फिरा.

आता गॅरेज. नव्वदच्या आधीच्या गाडीत मूळ गॅस आर-१२. मॉन्ट्रियल करारानुसार आपल्याकडे तो २०१० पासून बंद, म्हणून आर-१३४ए भरतात. नुसता भरून चालत नाही: जुनं मिनरल ऑइल त्यात मिसळत नाही, कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. ऑइल बदला, जोडांवरच्या रबरी ओ-रिंगा बदला, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) नवाच घाला आणि शेवटच्या क्षणापर्यंत त्याची टोपणं काढू देऊ नका, तो हवेतला ओलावा पितो. गॅस आर-१२ च्या वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्के, तोही काट्यावर मोजून. साईट ग्लासमधल्या (गॅस बघायच्या काचेतल्या) बुडबुड्यांवर आर-१३४ए भरायचा नसतो.

भरण्याआधी नायट्रोजनचा दाब द्या, जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती बघा. मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणं, निदान अर्धा तास. पंप बंद करून गेजची सुई बघा. चढली तर आत गळती किंवा ओलावा आहे, गॅस भरू देऊ नका.