क्लोजपेट ग्रॅनाइटने मला शिकवलेली आलेखाची मर्यादा

माझ्या प्रबंधाचा विषय कर्नाटकातील क्लोजपेट ग्रॅनाइट हा होता. रामनगरचे जुने नाव लाभलेला, सुमारे ४०० किलोमीटर लांबीचा हा दक्षिणोत्तर पट्टा साधारण २.५ अब्ज वर्षांपूर्वीचा असून, त्याचा शिलारस कोणत्या परिस्थितीत तयार झाला हे त्याच्या रासायनिक घटकांवरून शोधायचे होते.

या कामाचे यशापयश पुष्कळसे नमुना घेतानाच ठरते. या खडकात गुलाबी फेल्डस्पारचे (पोटॅशियमयुक्त खनिजाचे) अंगठ्याएवढे स्फटिक असतात, त्यामुळे मुठीएवढाच तुकडा आणला तर विश्लेषण खडकाचे न होता दोन-चार स्फटिकांचे होते आणि पोटॅशियम व रुबिडियम विनाकारण वाढलेले दिसतात. म्हणून प्रत्येक ठिकाणाहून आठ-दहा किलो ताजा खडक घ्यावा. पुढे भुकटी कशात केली, तेही वहीत नोंदवावे. माझे काही नमुने टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळले गेले होते. त्यांतील टँटलम इतके जास्त आले की आलेखावर ते निराळ्याच गटात जाऊन बसले. कोबाल्टही त्याच नमुन्यांत वाढलेला दिसला, तेव्हा कारण उमगले आणि सगळे नमुने अकीकाच्या भांड्यात पुन्हा दळावे लागले.

पियर्स, हॅरिस आणि टिंडल यांचा १९८४ चा, इट्रियम व नायोबियमची बेरीज रुबिडियमसमोर मांडणारा आलेख ग्रॅनाइट कोणत्या भूपट्टीय परिस्थितीत घडला हे ओळखायला प्रत्येक नवा विद्यार्थी वापरतो. माझे बरेचसे बिंदू ज्वालामुखी कमानीच्या (एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तेथे उभ्या राहणाऱ्या ज्वालामुखींच्या रांगेच्या) क्षेत्रात पडले आणि येथेही तसेच घडत होते, असे मी ठामपणे लिहून टाकले. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: कमानीत घडलेले जुने कवच पुढे कधीतरी वेगळ्याच कारणाने वितळले, तर कमानीच्या खडकांची ओळख असलेली नायोबियमची उणीव त्या शिलारसातही उतरणार नाही का? मुळात हा आलेख ज्यांची भूपट्टीय पार्श्वभूमी ठाऊक आहे अशा, पुष्कळ तरुण ग्रॅनाइटांवर बेतलेला आहे; तो शिलारसाच्या उगमद्रव्याविषयी जितके सांगतो, तितके घटनेविषयी सांगत नाही.

त्यामुळे शिलारसाचे उगमद्रव्य सांगणारी निओडिमियमची समस्थानिके, झिरकॉन या खनिजाची वये आणि प्रत्यक्ष उघडे पडलेले खडक यांची जोड लागतेच. क्लोजपेटच्या दक्षिण टोकाला कवचाचा खोल भाग दिसतो, उत्तरेकडे उथळ. दक्षिणेत प्रावरणातून (कवचाखालच्या थरातून) आलेला गडद शिलारस जुन्या कवचाच्या वितळलेल्या द्रव्यात मिसळल्याच्या खुणा डोळ्यांनी पाहता येतात. ही उष्णता खालून वर आलेल्या प्रावरण-स्तंभाची होती की भूपट्टांच्या हालचालीची, यावर संशोधकांत मतभेद आहेत.

नवशिक्यांनी सुरुवात लडाख महास्कंधाच्या (तेथील ग्रॅनाइटी खडकांच्या प्रचंड राशीच्या) प्रकाशित आकडेवारीपासून करावी. तेथे टेथिस या प्राचीन समुद्राचा तळ आशियाखाली शिरला होता हे इतर पुराव्यांवरून माहीत असल्यामुळे, आपला आलेख कुठे बरोबर बोलतो आणि कुठे अडखळतो हे ताडून पाहता येते.